कागदाचा उजेड आणि गव्हाळ रंग

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हातात दिवा घेतलेल्या एका तरुणीचं चित्र आहे. दुसऱ्या हाताचा पंजा तिने ज्योतीपुढे धरला आहे, बोटांतून लालसर उजेड फुटतो आहे आणि तोच उजेड तिच्या चेहऱ्यावर पसरला आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, आणि चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. हे चित्र तैलरंगात नाही, जलरंगात आहे. माणसाची त्वचा रंगवू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी नीट न्याहाळावं. जलरंगात उजेड नळीतून येत नाही, तो कागदाचा असतो. वर पारदर्शक रंग, खाली पांढरा कागद. प्रकाश रंगाच्या थरातून आत जातो, कागदावरून परत फिरतो आणि येताना रंग घेऊन येतो.

अल्कोहोल मार्कर याच जातीचा. दिसायला तो जाडजूड स्केचपेन वाटतो, पण वागायला पारदर्शक जलरंगाच्या जवळचा आहे. त्यात पांढरा रंग नसतो, आणि एकदा गडद झालेली जागा वरून फिकट रंग फिरवून झाकता येत नाही. तैलरंगात चुकलं तर वरून थर देता येतो; इथे ती सोय नाही. त्वचेसाठी मार्कर कोणते घ्यायचे आणि ते कोणत्या क्रमाने वापरायचे, हे सगळं या एका अडचणीतून ठरतं.

आधी शाईकडे पाहू. शाळेतल्या स्केचपेनची शाई पाण्यात असते. पाणी कागदाचे तंतू फुगवतं आणि सावकाश वाळतं. त्यामुळे दुसऱ्यांदा हात फिरवला की पट्टे पडतात, तिसऱ्यांदा कागदाचा लगदा निघतो. अल्कोहोल मार्करमध्ये रंग इथेनॉलसारख्या अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो. अल्कोहोल कागद फारसा फुगवत नाही आणि काही सेकंदांत उडून जातं. मागे राहिलेला रंग मात्र पक्का होऊन बसत नाही. वरून पुन्हा अल्कोहोलची ओल आली की तो पुन्हा विरघळतो आणि नव्या रंगात मिसळतो. गालावरचा उजेड सावलीत कुठे विरला हे कळू नये असं काम या मार्करने साधतं, ते याच गुणामुळे.

पूर्वीच्या डिझायनरांचे मार्कर झायलीनसारख्या द्रावकावर चालत. त्यांचा वास डोक्यात जाई. जपानच्या टू कंपनीने १९८७ साली कॉपिक मार्कर बाजारात आणले, ते अल्कोहोलच्या शाईचे. शिवाय ही शाई झेरॉक्सच्या टोनरची काळी रेघ विरघळवत नव्हती. म्हणजे रेखाचित्राची झेरॉक्स काढायची आणि तिच्यावर निर्धास्त रंगवायचं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा काढणाऱ्यांनी हे मार्कर उचलले आणि तिथून ते जगभर गेले. टोनरचा हा गुण आजही कामाला येतो. चेहऱ्याचं रेखाचित्र मनासारखं जमलं की त्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढाव्यात आणि तोच चेहरा वेगवेगळ्या त्वचारंगांत, वेगवेगळ्या उजेडात रंगवून पाहावा. मूळ चित्राला हात लावायची घाई करू नये. इंकजेट प्रिंटवर मात्र हा भरवसा नाही. आधी कोपऱ्यात मार्कर टेकवून पाहावा.

आता त्वचेकडे. त्वचा हा रंगवलेला पृष्ठभाग नाही. प्रकाश तिच्या आत थोडा शिरतो, विखुरतो आणि बाहेर येतो. वरच्या थरात मेलॅनिन असतं, ते तपकिरी रंग देतं आणि कमी-जास्त प्रमाणात प्रकाश गिळतं. त्याखाली रक्त वाहत असतं, त्यातलं हिमोग्लोबिन लाली देतं. उन्हाकडे पाठ करून कुणी उभं राहिलं की कानाच्या पाळ्या लालबुंद दिसतात, तो प्रकाश रक्तातून गाळून आलेला असतो. हळदणकरांच्या चित्रातल्या बोटांचंही तेच.

म्हणून एकाच माणसाच्या चेहऱ्यावर एकच रंग कधीच नसतो. कपाळावर कातडी हाडाला चिकटलेली असते, तिथे रंग पिवळट दिसतो. गाल, नाक आणि कान यांत रक्तवाहिन्या दाट असतात, तिथे तो लालीकडे जातो. दाढी करणाऱ्या पुरुषाच्या जबड्यावर हिरवट-करड्या रंगाची छटा येते. तळहात आणि तळपाय उजळ असतात, आणि सावळ्या माणसात हा फरक ठसठशीत दिसतो. नवशिक्याच्या चित्रात हात सगळीकडून सारखाच तपकिरी असतो, आणि तो हात मोज्यात घातल्यासारखा दिसतो.

गडद त्वचेबद्दल आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मेलॅनिन जास्त असलं की आत शिरलेला प्रकाश कमी परत येतो, त्यामुळे लाली दबते. पण कातडीच्या वरच्या चकाकीवरून परतणारा प्रकाश तेवढाच राहतो, आणि खालचा रंग गडद असल्यामुळे ती चकाकी अधिक उठून दिसते. ही चकाकी आसपासच्या प्रकाशाचा रंग घेते: मोकळ्या आभाळाखाली निळसर, पिवळ्या बल्बखाली केशरी. सावळा चेहरा रंगवताना बहुतेक जण तपकिरी रंगात काळा मिसळत जातात आणि चेहरा मातकट करून ठेवतात. खरं काम असतं ते चकाकीच्या जागा सोडण्याचं आणि सावलीत लाल-जांभळी ऊब ठेवण्याचं. राखाडी मार्करने सावली दिली तर गोरा असो की काळा, चेहऱ्यातला जीव जातो. मला हे इतक्या चित्रांत खटकलं आहे की मी चेहऱ्याचं काम चालू असताना राखाडी मार्कर टेबलावरसुद्धा ठेवू देत नाही.

आता खरेदी. आपल्या शाळांत 'स्किन कलर दे' म्हटलं की शेजारचा मुलगा फिकट गुलाबी-नारिंगी खडू पुढे करतो. देणाऱ्याचा हात गव्हाळ, घेणाऱ्याचा सावळा, आणि वर्गातल्या बहुतेक चेहऱ्यांचा त्या खडूशी संबंध नाही. अमेरिकेत क्रेयोलाने आपल्या 'फ्लेश' खडूचं नाव १९६२ साली 'पीच' केलं आणि २०२० साली जगभरच्या त्वचारंगांसाठी २४ खडूंचा वेगळा संच काढला. मार्करच्या बाजारातही 'स्किन टोन' नावाने संच मिळतात. ते घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण घेण्यापूर्वी आतल्या छटा मोजून पाहा. अनेक संचांत निम्म्याहून अधिक मार्कर फिकट गुलाबी आणि बदामी असतात, शेवटी दोन-तीन गडद चॉकलेटी असतात आणि मधला टप्पा जवळजवळ रिकामा असतो. आपले बहुतेक चेहरे नेमके त्या मधल्या टप्प्यात बसतात.

त्यापेक्षा सुटे मार्कर निवडावेत. निवड रंगाच्या नावावरून नाही, उजळ-गडदपणाच्या पायऱ्यांवरून करावी. एका चेहऱ्याला तीन पायऱ्या पुरतात: उजेडाचा रंग, मधला रंग, सावलीचा रंग. त्याच्या जोडीला लालीसाठी एक. सुरुवातीला एवढ्या चार मार्करांत जितकं शिकता येतं तितकं साठ मार्करांच्या पेटीत शिकता येत नाही, कारण पेटी असली की हात प्रत्येक वेळी नव्या झाकणाकडे जातो आणि थर देण्याची सवय लागतच नाही.

कॉपिकची अंकपद्धत एकदा कळली की ही निवड सोपी होते, आणि इतर कंपन्यांचे मार्कर घेतानाही तिचा उपयोग होतो. झाकणावरचं अक्षर रंगाचं घराणं सांगतं: ई म्हणजे मातकट-तपकिरी, आर म्हणजे लाल, वायआर म्हणजे पिवळा-लाल, बीव्ही म्हणजे निळा-जांभळा. पुढचा पहिला आकडा रंग किती चोख आणि किती मळकट हे सांगतो. लहान आकडा चोख, ९च्या जवळचा मळकट. शेवटचा आकडा उजळ-गडदपणा सांगतो. लहान फिकट, मोठा गडद. म्हणजे अक्षर आणि पहिला आकडा तोच ठेवून शेवटच्या आकड्यात दोन-दोनने चढत गेलं की एकमेकांत सहज मिसळणारी पायरी हाती येते. ई११, ई१३, ई१५ ही अशी एक पायरी. उजळ गव्हाळ, किंचित नारिंगीकडे झुकणारी त्वचा तिच्यात छान बसते. ई३३, ई३५, ई३७ ही दुसरी, पिवळसर मातीच्या अंगाची. महाराष्ट्रात रस्त्याने चालताना दिसणारा गव्हाळ चेहरा बहुतेकदा हिच्यात सापडतो. सावळ्यासाठी ई३५पासून सुरू करून ई३७ आणि मग ई२९पर्यंत जावं. काळासावळा चेहरा ई२७, ई२९ आणि ई४९ यांत उभा राहतो. ई२९ हा बर्न्ट अंबर, म्हणजे आपल्या रंगपेटीतलाच जुना गडद तपकिरी. माझ्या मते आपल्याकडच्या चित्रकाराने पैसे मोजून आधी घ्यावा असा मार्कर हाच आहे, कारण तो काळ्यासावळ्या चेहऱ्याचा मधला रंग होतो आणि गव्हाळ चेहऱ्यावर केसांच्या मुळाशी किंवा पापणीखाली शेवटची सावलीही होतो.

लालीचा मार्कर निवडताना बहुतेकांची फसगत होते. परदेशी पुस्तकांत गालांसाठी आर२० नावाचा अगदी फिकट गुलाबी सांगितलेला असतो. गोऱ्या त्वचेवर तो ठीक. पण शाई पारदर्शक आहे. ई३५वर आर२० फिरवला तर तो दिसतच नाही, फक्त खालचा रंग ओला होऊन हलतो. गव्हाळ गालाला ई०४सारखा मातकट लाल हवा, सावळ्याला ई०७ किंवा ई०९ हवा. लाली नेहमी त्या चेहऱ्याच्या मधल्या रंगाइतकी तरी गडद असावी लागते.

कॉपिकचा एक मार्कर आपल्याकडे काही शे रुपयांना पडतो, आणि विद्यार्थ्याला ते परवडत नाही हे मला मान्य आहे. ओहूहू, टच, ब्रस्ट्रो असे स्वस्तातले पर्याय आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करायला काहीच हरकत नाही. फरक मुख्यतः दोन ठिकाणी जाणवतो. एक, कॉपिकची शाई संपली की बाटलीतली शाई भरता येते आणि झिजलेलं टोक बदलता येतं. बऱ्याच स्वस्त मार्करांत ही सोय नसते. दोन, टोक. गालासाठी कुंचल्यासारखं मऊ, लवचीक टोक हवं. तिरकं कडक टोक पार्श्वभूमीसाठी चांगलं, चेहऱ्यावर ते पट्टे मारतं. स्वस्त मार्कर घेताना मऊ टोकाचेच घ्यावेत.

झाकणाचा रंग आणि कागदावरचा रंग हे कधीही एक धरू नयेत. मार्कर घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ज्या कागदावर चित्र काढणार त्याच कागदावर प्रत्येकाचा चौकोन रंगवून, खाली क्रमांक लिहून, पूर्ण वाळू द्यायचा. ओली शाई गडद दिसते, वाळल्यावर उजळते. मग त्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. शेजारशेजारचे दोन चौकोन सारखेच करडे दिसले तर त्यांतला एक मार्कर तुम्हाला सावलीसाठी कामाचा नाही, रंग कितीही वेगळा वाटो. दोन चौकोनांत मोठी उडी असेल तर मधली पायरी कमी आहे. हा निर्णय फोटोवर सोपवला की रंगाचा मोह आपोआप बाजूला पडतो.

कागदाचंही बघितलं पाहिजे. चित्रकलेच्या वहीतला खडबडीत कार्ट्रिज कागद शाई पितो, मार्कर लवकर संपतो आणि रंग रेषेबाहेर पसरतो. मार्कर पॅडचा पातळ कागद साधारण ७० जीएसएमचा असतो. त्याला मागून लेप असतो, त्यामुळे शाई वरच राहते. ब्रिस्टल बोर्ड गुळगुळीत आणि जाड असतो, त्यावर थर चांगले बसतात. आपल्याकडच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी आयव्हरी शीट सरावासाठी पुरेशी चांगली आहे आणि स्वस्त आहे. कोणताही कागद घ्या, खाली एक रद्दी कागद ठेवा. शाई आरपार जाऊ शकते.

रेघेसाठी पिगमेंट शाईचं पेन हवं, मायक्रॉन किंवा युनी पिनसारखं. पेनवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. पर्मनंट मार्करची रेघ पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोलला लगेच विरघळते आणि काळा रंग गालावर पसरतो. जेल पेन आणि बॉलपेन यांचाही भरवसा नाही. रेघ मारून झाल्यावर थोडा वेळ थांबावं, मगच रंग घ्यावा.

आता एक गव्हाळ चेहरा रंगवून पाहू. समजा स्त्रीचा चेहरा, समोरून, आणि उजेड डाव्या बाजूने वरून येतो आहे. ई३३ने डोळे सोडून संपूर्ण चेहरा आणि मान भरायची. कडेपासून थोडं आत राहायचं, कारण शाई स्वतःहून रेषेपर्यंत सरकते. मागे-पुढे रेघोट्या मारायच्या नाहीत. लहान गोल फिरवत, ओली कड वाळू न देता पुढे सरकायचं. कपाळावर सुरू करून हनुवटीवर संपवेपर्यंत मध्ये फोन उचलला तर तिथे कड पडते आणि ती जात नाही. नाकाच्या शेंड्यावर, डाव्या गालाच्या हाडावर आणि खालच्या ओठाच्या मध्यावर कागद कोरा सोडायचा.

रंगात ओल असतानाच ई०४ गालांवर हलका टेकवायचा, नाकाच्या टोकाला आणि कानांना थोडा. ओलीत तो आपोआप विरतो. मग ई३५ घेऊन उजवा गाल, नाकाची उजवी बाजू, भुवयांखालची खोबण, खालच्या ओठाखालचा खळगा आणि मान हे सगळं सावलीत न्यायचं. इथे टोक टेकवून बाहेर झटकत जायचं, म्हणजे रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती येते. लगेच ई३३ परत घ्यायचा आणि सीमेवर फिरवायचा, अर्धा सावलीत, अर्धा उजेडात. फिकट मार्करातलं अल्कोहोल गडद रंगाला सोडवतं आणि कड वितळते. एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा हीच जागा ओली केली की कागद तुडुंब होतो आणि रंग रेषेबाहेर वाहू लागतो.

इथे पाच मिनिटं थांबून पूर्ण वाळू द्यायचं. ई३७चं काम वाळल्यावरच करायचं, कारण आता मऊ नाही तर स्पष्ट कडा हव्या आहेत: वरच्या पापणीची घडी, नाकपुड्या, ओठांची फट, हनुवटीची मानेवर पडलेली सावली, केसांच्या मुळाशी बारीक पट्टी. मानेवरच्या सावलीत फिकट, राखाडीकडे झुकलेल्या जांभळ्याचा एक हात दिला तर चेहरा मानेपासून सुटतो. गडद रंगानंतर फिकट मार्करचं टोक मळतं. घाबरायचं कारण नाही. रद्दी कागदावर घासत राहिलं की टोक स्वच्छ होतं.

रंगहीन ब्लेंडर नावाचा एक मार्कर बहुतेक कंपन्या विकतात. नावावरून वाटतं की तो रंग मिसळण्यासाठी आहे. त्यात रंग नसलेलं नुसतं द्रावक असतं, आणि ते रंगाला ढकलतं. गालावर वापरलं तर मध्ये पांढुरका डाग आणि भोवती गडद वर्तुळ उमटतं. मिसळायचं काम फिकट मार्करच करतो. ब्लेंडर वापरावा तो रेषेबाहेर गेलेला रंग आत ढकलण्यासाठी, किंवा कागदाचा उजेड सोडायचा राहून गेला असेल तिथे तो थोडा परत मिळवण्यासाठी.

सगळ्यात शेवटी पांढरं जेल पेन किंवा पोस्टर कलरचा पांढरा, बारीक कुंचल्याने: डोळ्यात एक ठिपका, ओठावर एक, नाकाच्या शेंड्यावर एक. त्यानंतर त्या जागेवर मार्कर नेऊ नये, नेला तर टोक पांढऱ्या रंगाने तुंबतं. सावळ्या चेहऱ्यावर चकाकी शुद्ध पांढरी देऊ नका. तिथे फिकट निळी किंवा फिकट बदामी रंगीत पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी. मार्करच्या वाळलेल्या थरावर पेन्सिल छान बसते, आणि आभाळाचा उजेड कातडीवर पडला आहे हे तेवढ्याने कळतं.

हे मार्कर आडवे ठेवावेत, म्हणजे दोन्ही टोकांकडे शाई सारखी राहते. झाकण टिक् आवाज येईपर्यंत दाबावं. शाई पेट घेणारी आहे, म्हणून गॅस आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर, खिडकी उघडी ठेवून बसावं.

आणि चित्र पूर्ण झालं की ते लवकर स्कॅन करून घ्यावं. या शाईतला रंग न विरघळणारं पिगमेंट नाही, विरघळणारा डाय आहे. ऊन लागलं की तो उडतो, काचेची फ्रेम केली तरी खिडकीसमोरच्या भिंतीवर टिकत नाही. स्कॅनरची अडचण उलटी आहे, तो सगळ्यात फिकट छटा गिळून टाकतो. दिवाळी अंकासाठी किंवा पुस्तकासाठी चेहरा रंगवत असाल तर उजेडाची पायरी एका घराने गडद धरावी, म्हणजे ई११च्या जागी ई१३. छापून आल्यावर ती जागा कोरी न राहता त्वचेची राहते.